धुपाचा मणी आणि गुग्गुळाचे झाड

नीरा व भीमा यांच्या संगमावरील नरसिंहपूर येथे वैशाख शुद्ध चतुर्दशीस नृसिंह जयंतीचा उत्सव होतो. देवापुढे धूप घालण्यास राळ, ऊद, गुग्गुळ ही द्रव्ये लागतात. ती सर्व झाडांचीच देणगी होय. अशा द्रव्याचे खडे घासून त्यांचे सुवासिक मणी करावेत आणि ते रत्नासारखे गळ्यात घालावेत, अशीही हौस आढळते. या हौसेचा विचार शेतकऱ्याने हिशेबी दृष्टीने केला पाहिजे.

झाडाच्या राळेपासून झालेले खरे रत्न म्हणजे तृणमणी. घासला असता तो वाळलेली काडी ओढून घेतो, म्हणून त्यास हे नाव पडले. बाल्टिक समुद्राकाठचा तृणमणी सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची राळ जमिनीत घट्ट होऊन बनलेला आहे. गुग्गुळाचे तसे नाही. त्यात राळेबरोबर पाण्यात विरघळणारा डिंकही असतो. उन्हाने तो मऊ पडतो व गरम पाण्यात घोटला असता पाणी दुधासारखे होते. घामाने चिकट होणाऱ्या अशा मण्यास रत्नाचा भाव देणे ही फसगतच होय.

याहून गंभीर प्रश्न झाडाचा आहे. चीक हे झाडाचे आपल्या जखमेवरील औषध आहे. गुग्गुळाचे झुडूप सावकाश वाढते. चीक घेण्याजोगे होण्यास त्यास सहा ते आठ वर्षे लागतात. अधिक चीक मिळावा म्हणून खोल खाचा पाडून त्यांत रसायने भरली, तर एका हंगामात उत्पन्न वाढते, पण पुढे झाड वाळते. अशा ओरबाडण्यामुळेही ही वनस्पती विरळ झाली असून, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१५ साली तिची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत केली. धुपास बारीक चुराही चालतो. मण्यास मोठा व स्वच्छ खडा लागतो. मण्यांची मागणी वाढल्यास खाचा अधिकच खोल जातील, हा धोका ओळखला पाहिजे.

मण्यास अधिक दर मिळेल, असे कोणी म्हणेल. निवडीत आपोआप हाती आलेल्या खड्यांचे मणी करण्यास हरकत नाही. मात्र ते 'धुपाचे मणी' या खऱ्या नावानेच विकावेत.

इंदापूर तालुक्यातील कमी पावसाच्या मुरमाड, उताराच्या जमिनीत बांधाकडेने गुग्गुळाची थोडी लागवड करून पाहण्यासारखी आहे. नदीकाठच्या पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत ती करू नये. फांद्यांच्या छाटांपासून पिशव्यांत रोपे तयार करून ती पावसाळ्याच्या आरंभी लावावीत. झाडे वयात आल्यावर हिवाळा-उन्हाळ्यात उथळ खाचा पाडाव्यात, रसायन वापरू नये, व थकलेल्या झाडास विश्रांती द्यावी. एका झाडापासून वर्षाकाठी किलोभरही चीक मिळेलच असे नाही. म्हणून मुख्य पीक काढून त्या जागी ही लागवड करू नये, आणि ग्राहक कोण याची चौकशी आधी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपे वाटण्यापूर्वी खाच पाडण्याची योग्य रीत प्रत्यक्ष दाखवावी. मणी फुटल्यास दुसरा करता येईल. परंतु झाड वाळल्यास शेतकऱ्याची सहा-आठ वर्षांची मेहनत वाया जाईल.