विश्लेषण : ब्रिस्बेन पूर्वेला, तरी घड्याळ मेलबर्नच्या मागे, ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात पाच वेळा का असतात?

२०२४-२५ च्या बॉर्डर-गावसकर मालिकेसाठी ज्यांनी अलार्म लावले होते, त्यांना एक गोष्ट खटकली असेल. पर्थची कसोटी भारतात सकाळी ७.५० ला सुरू झाली, ब्रिस्बेनची पहाटे ५.५० ला आणि मेलबर्न-सिडनीची तर थेट पाचला. तिथल्या घड्याळात मात्र या चारही कसोट्या सकाळी १०.२० किंवा १०.३० लाच सुरू होत होत्या. (अ‍ॅडलेडची कसोटी दिवसरात्र होती, तिचं गणित वेगळं.)

पर्थ पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथला सामना उशिरा सुरू होतो हे समजण्यासारखं आहे. पण ब्रिस्बेन तर मेलबर्नच्या बऱ्यापैकी पूर्वेला आहे. तिथे सूर्य आधी माथ्यावर येतो. मग तिथला सामना भारतात पाऊण तासाहून अधिक उशिरा का सुरू झाला?

याचं कारण सूर्यात नाही, राजकारणात आहे. ते समजायला १९९२ च्या एका सार्वमतापर्यंत मागे जावं लागतं.

आधी गणित

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर तीन प्रमाणवेळा आहेत. पूर्वेकडची राज्यं, म्हणजे क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया आणि राजधानी कॅनबेराचा प्रदेश, ग्रीनिचच्या १० तास पुढे असतात. मधले साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी साडेनऊ तास पुढे, तर वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ८ तास पुढे.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. गोंधळ सुरू होतो ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. तिथला उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, सूर्य लवकर उगवतो आणि तेव्हा बहुतेक लोक झोपलेले असतात. पहाटेचा तो उजेड संध्याकाळी वापरता यावा म्हणून रात्री २ वाजता घड्याळ सरळ ३ वर नेलं जातं. हाच डेलाइट सेव्हिंग टाइम. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो तास परत मागे घेतला जातो.

पण हे सगळेच करत नाहीत. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया, कॅनबेरा आणि साउथ ऑस्ट्रेलिया घड्याळ पुढे करतात. क्वीन्सलँड, नॉर्दर्न टेरिटरी आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया करत नाहीत. त्यामुळे तीनाच्या पाच वेळा होतात. डिसेंबरमध्ये सिडनीत दुपारचे १२ वाजलेले असतात तेव्हा अ‍ॅडलेडमध्ये साडेअकरा, ब्रिस्बेनमध्ये ११, डार्विनमध्ये साडेदहा आणि पर्थमध्ये ९ वाजलेले असतात. यातली गंमत म्हणजे अ‍ॅडलेड ब्रिस्बेनच्या कितीतरी पश्चिमेला आहे, तरी उन्हाळ्यात त्याचं घड्याळ ब्रिस्बेनच्या अर्धा तास पुढे धावतं.

केंद्र सरकार एकच वेळ का ठरवत नाही?

कारण तो त्यांचा विषयच नाही. १९०१ मध्ये सहा वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलिया हा देश झाला. त्याआधीच, १८९५ मध्ये, या वसाहतींनी आपापले कायदे करून प्रमाणवेळ स्वीकारली होती. तो अधिकार पुढेही राज्यांकडेच राहिला. महायुद्धांच्या काळात देशभर घड्याळं पुढे केली गेली, पण युद्ध संपलं की ती परत मागे आली.

आजच्या पद्धतीची सुरुवात टास्मानियाने केली, तीही दुष्काळामुळे. या बेटाची वीज प्रामुख्याने धरणांच्या पाण्यावर तयार व्हायची. १९६७ मध्ये पाणी कमी पडलं आणि संध्याकाळची वीज वाचवण्यासाठी घड्याळ एक तास पुढे करण्यात आलं. १९७१ च्या उन्हाळ्यात न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि क्वीन्सलँड यांनी तोच प्रयोग केला. बाकीच्यांनी तो चालू ठेवला. क्वीन्सलँडने एका उन्हाळ्यातच सोडून दिला.

पडदे, गाई आणि माउंट आयझा

क्वीन्सलँडवर उरलेला ऑस्ट्रेलिया या विषयावरून आजही हसतो. जास्तीच्या उन्हाने घरातले पडदे विटतील, दूध काढायची वेळ बदलल्याने गाई बावचळतील, अशी कारणं तिथले लोक देतात म्हणे! विनोद म्हणून हे ठीक आहे. पण या विनोदामुळे खरा मुद्दा मात्र झाकला गेला.

क्वीन्सलँड हे प्रचंड मोठं राज्य आहे. ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट त्याच्या आग्नेय कोपऱ्यात आहेत. खाणींचं शहर माउंट आयझा तिथून रस्त्याने १८०० किलोमीटरच्या आसपास दूर, पार पश्चिमेला आहे. दोन्हीकडे घड्याळ एकच. डिसेंबरमध्ये ब्रिस्बेनला पहाटे पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पावणेसातच्या आत मावळतो. ऑफिस सुटून माणूस समुद्रावर पोहोचेपर्यंत अंधार. त्यामुळे तिथल्या माणसाला घड्याळ पुढे केलेलं हवं असतं. माउंट आयझात मात्र सूर्य मावळायलाच सव्वासात होतात. तिथे घड्याळ पुढे केलं तर सव्वाआठला सूर्यास्त. पारा चाळिशीच्या आसपास असलेल्या गावात मुलांना झोपवायची वेळ झाली तरी बाहेर ऊन, हे कोणालाही नको असेल. उत्तरेकडच्या केर्न्सला दुसरी अडचण आहे. विषुववृत्ताच्या जवळ असल्याने तिथे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दिवसाच्या लांबीत फारसा फरकच पडत नाही. वाचवायला जास्तीचा उजेड मुळात नाही.

तीन उन्हाळ्यांच्या प्रयोगानंतर २२ फेब्रुवारी १९९२ रोजी क्वीन्सलँडमध्ये सार्वमत झालं. सुमारे साडेचोपन्न टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं असतं, त्यामुळे काही मूठभर लोकांनी जाऊन मत दिलं असं म्हणायलाही जागा नाही. आग्नेय भागाचा कल ‘हो’कडे होता, पण तिथेही सगळे एका बाजूला नव्हते. उत्तर आणि पश्चिमेने जोरदार विरोध केला आणि पारडं फिरलं.

त्यानंतर पुन्हा सार्वमत झालेलं नाही. दर ऑक्टोबरला सोशल मीडियावर वाद रंगतो, व्यापारी मंडळी तक्रार करतात की सिडनीची ऑफिसं आमच्या आधी उघडतात आणि आमच्या आधी बंद होतात. राज्यातले दोन मोठे पक्ष मात्र हात लावायला तयार नसतात. फक्त आग्नेय भागासाठी वेगळी वेळ असावी का, यावर सार्वमत घ्यावं, असं विधेयक २०१० मध्ये एका अपक्ष आमदाराने मांडलं होतं. तेही बारगळलं. राज्याच्या आत नवी वेळरेषा काढली तर ती नेमकी कोणाच्या गावातून काढायची, हा प्रश्न उरतोच.

पर्थमध्ये तर लोकांना चार वेळा विचारून झालं आहे. १९७५, १९८४, १९९२ आणि २००९. चारही वेळा उत्तर ‘नको’. मात्र पर्थला या नकारात एक फायदाही आहे. बीजिंग, हाँगकाँग आणि सिंगापूरची वेळ तीच पर्थची. ज्या राज्याचं लोहखनिज मोठ्या प्रमाणात चीनला जातं, त्याला सिडनीपासून तीन तास मागे राहणं तितकंसं महाग पडत नाही.

सीमेवर राहणाऱ्यांचं काय?

क्वीन्सलँडचं कूलनगट्टा आणि न्यू साउथ वेल्सचं ट्वीड हेड्स ही खरं तर एकच वस्ती. सीमा मधल्या रस्त्यावरून जाते. उन्हाळ्यात रस्ता ओलांडला की तास बदलतो. डॉक्टरची वेळ घेताना, मुलांना शाळेतून आणताना, शिफ्ट लावताना ‘कुठली वेळ?’ हे विचारावंच लागतं. ३१ डिसेंबरला मात्र चंगळ असते, एका रात्रीत दोनदा नवीन वर्ष. गोल्ड कोस्ट विमानतळाची धावपट्टी तर सीमेच्या आरपार गेली आहे. विमानतळ क्वीन्सलँडच्या वेळेवर चालतो.

ब्रोकन हिल हे गाव न्यू साउथ वेल्सचं, पण घड्याळ साउथ ऑस्ट्रेलियाचं. सिडनीपेक्षा अ‍ॅडलेड जवळ, आणि सिडनीची रेल्वे पोहोचली १९२७ मध्ये. तोवर सगळा व्यवहार अ‍ॅडलेडशी होता. लॉर्ड हाउ बेटावर उन्हाळ्यात घड्याळ फक्त अर्धा तास पुढे करतात. आणि पर्थहून अ‍ॅडलेडकडे जाणाऱ्या महामार्गावर युक्ला भागात स्वतःचीच वेळ चालते, पर्थच्या पाऊण तास पुढे. तिला कायद्याचा आधार नाही, तरी घड्याळ बदलायला सांगणारी पाटी रस्त्यावर आहे.

निदान वीज तरी वाचते का?

हे तपासायची संधी सिडनी ऑलिम्पिकमुळे मिळाली. २००० मध्ये स्पर्धेसाठी न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि काही शेजाऱ्यांनी घड्याळ दोन महिने आधीच, ऑगस्टअखेरीस पुढे केलं. साउथ ऑस्ट्रेलियाने केलं नाही. रायन केलॉग आणि हेंड्रिक वोल्फ या अर्थशास्त्रज्ञांनी व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियाचा वीजवापर ताडून पाहिला. संध्याकाळचा वापर घटला होता, पण लोक अंधारात आणि थंडीत उठू लागल्याने सकाळचा वापर तेवढाच वाढला होता. एकूण बचत झालीच नाही. टास्मानियात ज्या कारणासाठी हे सुरू झालं, तेच कारण तिथे टिकलं नाही. आता समर्थकांचा भर संध्याकाळच्या मोकळ्या वेळेवर, खेळावर आणि व्यापारावर असतो.

२०३२ चं ऑलिम्पिक ब्रिस्बेनला आहे, पण त्यामुळे हा वाद सुटेल अशी चिन्हं नाहीत. स्पर्धा २३ जुलै ते ८ ऑगस्ट, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात आहे. त्या दिवसांत ब्रिस्बेन आणि सिडनीची वेळ एकच असते.

मुंबईकरांना हे हट्ट अगदी परके वाटू नयेत. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत रेंगाळला. आसामच्या चहामळ्यांत आजही ‘चाय बागान टाइम’ तासभर पुढे चालतो.

ऑस्ट्रेलियात ज्यांची मुलं शिकतात किंवा ज्यांचे क्लायंट आहेत, त्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ऑक्टोबर ते एप्रिल सिडनी, मेलबर्न, कॅनबेरा आणि होबार्ट भारताच्या साडेपाच तास पुढे, अ‍ॅडलेड पाच तास पुढे. बाकीचे महिने अनुक्रमे साडेचार आणि चार. ब्रिस्बेन साडेचार, डार्विन चार आणि पर्थ अडीच तास पुढे, वर्षभर.