तैवान : आधी शेत, मग कारखाना

तैवानची औद्योगिक भरभराट शेतीला बगल देऊन झाली, हे विधान इतिहासाला धरून नाही. तेथे १९४९ मध्ये खंडाची कमाल मर्यादा मुख्य पिकाच्या ३७.५ टक्के ठरली आणि १९५३ मध्ये कुळांना जमिनी मिळाल्या. जमीनदारांना मोबदल्याचा ७० टक्के भाग भात आणि रताळ्यांत फेडायच्या रोख्यांतून, उरलेला सरकारी कंपन्यांच्या समभागांतून मिळाला; सिमेंट, कागदाच्या उद्योगांना असे (बहुधा नाखूश) भागधारक लाभले. त्या दशकात निर्यातीची मदार साखर आणि तांदळावरच होती. शेतकऱ्याला मात्र याची किंमत मोजावी लागली : खताच्या बदल्यात भात घेण्याची, त्याला तोट्याची ठरणारी सरकारी पद्धत १९७३ पर्यंत चालली.