सुंदर देखाव्याचा हिशेब

अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत ब्यूना व्हिस्टा नांवाची एक काउंटी आहे. स्पॅनिश भाषेंत या शब्दांचा अर्थ ‘सुंदर देखावा’ असा होतो. परंतु तें नांव देखाव्यावरून नव्हे, तर 1847 सालीं मेक्सिकोंत झालेल्या लढाईवरून पडलें आहे. क्षितिजापर्यंत मका व सोयाबीन, आणि मध्यें सुमारें 3,000 एकरांचें स्टॉर्म लेक सरोवर, हें पाहून सृष्टीच्या औदार्याचे गोडवे गाणारे रसिक पुष्कळ. त्यांच्या रसिकतेशीं आमचें भांडण आहे. कारण ती डोळ्यांपुरतीच आहे.

सरोवर सृष्टीचें खरें. बारा ते चौदा हजार वर्षांपूर्वीं हिमनद मागें सरला, तेव्हां त्यानें तें सरोवर आणि असंख्य दलदली मागें ठेविल्या. शेतें मात्र मनुष्यानें घडविलेलीं आहेत. 1850 च्या कायद्यानें दलदलीच्या जमिनी संस्थानांकडे सोंपविण्यांत आल्या. पुढें शेतकऱ्यांनीं जमिनीखालीं भाजक्या मातीच्या नळ्या पुरून पाणी काढून लाविलें. आज प्लॅस्टिकच्या नळ्या तेंच काम करितात. आयोवांतील 90 टक्क्यांहून अधिक पाणथळ जमीन अशी नाहींशी झाली.

या नळ्यांतून पाण्याबरोबर नायट्रेट क्षारही वाहतो, रॅकून नदींत उतरतो आणि डी मॉइन शहराच्या नळाशीं पोंचतो. पिण्याच्या पाण्यांत नायट्रेटरूप नायट्रोजनची मर्यादा लिटरमागें 10 मिलिग्रॅम आहे. ती राखण्याचा खर्च शहरावर पडतो. 2015 सालीं तेथील जलसंस्थेनें ब्यूना व्हिस्टासह तीन काउंट्यांतील निचरा-मंडळांवर फिर्याद केली; 2017 सालीं ती काढून टाकण्यांत आली. त्याच वर्षीं ‘स्टॉर्म लेक टाइम्स’चे संपादक आर्ट कलन यांस या प्रकरणावरील अग्रलेखांबद्दल पुलित्झर पारितोषिक मिळालें. अग्रलेखांचा गौरव झाला आणि नळ्या वाहातच राहिल्या. 2025 च्या जूनमध्यें शहर व परिसरांत हिरवळीस पाणी घालण्याचीच बंदी करावी लागली.

प्रतिपक्ष म्हणेल, शेतकरी जगास अन्न पुरवितो, आणि निचऱ्यावांचून त्याचें पीक कुजेल. दुसरें म्हणणें आम्हांस मान्य आहे. पहिलें अर्धेंच खरें. आयोवाचा निम्म्याहून अधिक मका इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. शिवाय, नळ्या उपटा असें म्हणतो कोण? नळीच्या तोंडाशीं थोडी पाणथळ पुन्हा करावी, हिवाळ्यांत जमीन उघडी न ठेवितां आच्छादनाचें पीक घ्यावें, ओढ्याकांठीं गवताचा पट्टा सोडावा, एवढेंच मागणें आहे. यास खर्च येईल. पण खर्च आजही होतच आहे. उत्पन्न नदीच्या वरच्या अंगास जमा होतें आणि खर्च खालच्या अंगास राहणारा भरतो, इतकेंच. आपलें सांडपाणी शेजाऱ्याच्या अंगणांत सोडून स्वतःच्या सारवलेल्या अंगणाचा अभिमान कोणीही सद्गृहस्थ मिरवीत नाहीं. मग तेंच अंगण शेकडों मैलांचें झालें, म्हणजे त्यास सुंदर देखावा कां म्हणावें?