ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना एवढं विचारा

बायपासची तारीख ठरली की घरात दोनच चौकश्या सुरू होतात. रक्त कोण देणार आणि मेडिक्लेम किती मंजूर होणार. दुखण्याचं कुणी विचारत नाही. छाती उघडणार म्हणजे दुखणारच, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. माझी विनंती आहे, आधीच विचारा, आणि भूलतज्ज्ञांना विचारा. ऑपरेशनआधी ते पेशंटला तपासायला येतात, तेव्हा आपण 'उपाशी कधीपासून राहायचं?' एवढंच विचारून त्यांना सोडून देतो.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून तारेनं पुन्हा बांधतात. फुप्फुसाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये बरगड्या फाकवतात आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेनं जाणारी नस त्यात दबते. हात मोडला तर तो गळ्यात अडकवून गप्प बसता येतं, छातीला तशी सोय नाही. प्रत्येक श्वासाला दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ साठतो आणि न्यूमोनिया गाठतो. तेव्हा 'सोसा थोडं' हा वडीलधाऱ्यांचा सल्ला इथे चुकूनही देऊ नका.

पण म्हणून मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल भरभरून घेणं हाही उपाय नव्हे. ही अफूच्या जातीची औषधं. दुखणं थांबवतात, त्याबरोबर गुंगी आणतात, श्वास मंदावतात, पोट घट्ट करतात. टाके ओले असताना शौचाला जोर करावा लागणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. शिवाय सवयीचा धोका आहेच. अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी अशी औषधं न घेणाऱ्यांपैकी सुमारे 6 टक्के लोक ऑपरेशनला तीन महिने उलटले तरी ती घेतच होते. ऑपरेशन लहान असो की मोठं, प्रमाण जवळपास तेच. म्हणजे गोळी चालू राहण्याचं कारण नुसतं दुखणं नव्हतं.

तर प्रश्न असा विचारा: 'डॉक्टर, ब्लॉक देता येईल का?' छातीकडे जाणाऱ्या नसांजवळ, सोनोग्राफीत बघत, बधिर करणारं औषध सोडतात. पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूखाली द्यायचा एक ब्लॉक 2016 पासून वापरात आला आणि हृदयाच्या ऑपरेशनलाही तो देऊ लागले. फुप्फुसाच्या ऑपरेशनला हे औषध सोडणारी बारीक नळी काही दिवस तिथेच ठेवता येते. प्रत्येकाला हे जमेलच असं नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टर वेगळा विचार करतील. पण विचारल्याशिवाय कळणार कसं?

सोबत पॅरासिटामॉल, तेही दुखेल तेव्हा नव्हे तर घड्याळ बघून, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळांना. मात्र ट्रामाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, म्हणून पाकिटावरची नावं वाचा, नाहीतर नकळत दुप्पट जाईल. बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनानं घेऊ नका. अंगदुखीला आपण ती चण्याफुटाण्यासारखी खातो, पण बायपासनंतर हृदयाला त्यांचा धोका असतो.

खोकताना छातीशी उशी घट्ट धरा. फिजिओथेरपिस्ट देतात ते श्वास ओढून चेंडू उचलायचं यंत्र मुलांचं खेळणं समजून कपाटावर ठेवू नका.

आणखी एक, खास आपल्या घरांसाठी. दुखण्यासाठी त्वचेवर फेंटानिलसारख्या औषधाचा पॅच लावला असेल तर तिथे गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. उष्णतेनं औषध एकदम रक्तात उतरतं आणि झोपलेल्या माणसाचा श्वास मंद होतो. मायेनं दिलेला शेक असा महागात पडतो.

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या: ट्रामाडॉलसारखी गोळी कधी बंद करायची? काही आठवडे रोज घेतली असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून उतरता डोस लिहून घ्या. टाके भरल्यावरही छातीत आग होत असेल, कपडा लागलेला सहन होत नसेल, तर ते नसेचं दुखणं असू शकतं. त्याची औषधं वेगळी असतात. तेव्हा जुनीच गोळी वाढवत बसू नका, दाखवून या.

आणि या गोळ्यांची उरलेली पट्टी औषधांच्या डब्यात जपून ठेवू नका. तीच पुढे आजीच्या गुडघ्याला किंवा भावाच्या कंबरेला दिली जाते. त्यांना नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, तर ट्रामाडॉलनं फिटही येऊ शकते. केमिस्ट परत घेत नसेल, तर गोळ्या संडासात टाकून पाणी सोडा.