हात धुतले, फोनचे काय?

बाहेरून आल्यावर चपला दाराशी काढायच्या, हातपाय धुवायचे आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे, ही शिस्त आपल्या घरांत आजीच्या धाकाने अंगवळणी पडली. मोबाइल फोन मात्र तिच्यातून अलगद निसटला आहे. भाजीबाजार, लोकलचा डबा, इतकेच काय, शौचालयातही तो आपल्या सोबत असतो. घरी आल्यावर हात धुतले जातात. फोन तसाच ओट्यावर, उशीशी आणि जेवताना रडणाऱ्या पोराच्या हातात जातो.

२०११ साली लंडनमधील दोन संस्थांच्या संशोधकांनी ब्रिटनच्या १२ शहरांत लोकांचे हात आणि फोन तपासले. शक्य तेव्हा आपण साबणाने हात धुतो, असे ९५ टक्के लोकांनी सांगितले होते. प्रत्यक्षात सहापैकी एका फोनवर ई-कोलाय सापडले. हे जंतू आतड्यात राहतात. फोनवर ते विष्ठेच्या संसर्गानेच येतात. म्हणजे दोष यंत्राचा नाही, आपल्या हातांचा आहे. फोन केवळ त्याची नोंद ठेवतो.

यात घाबरून जाण्यासारखे फारसे नाही. फोनवरचे बहुतेक जीवाणू आपल्याच त्वचेवरचे आणि निरुपद्रवी असतात. गळवे आणणारा, जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियससुद्धा सुमारे तीस टक्के धडधाकट माणसांच्या नाकात मुकाट्याने राहतो. पण कोरड्या, गुळगुळीत पृष्ठभागावर तो कित्येक दिवस टिकू शकतो, आणि प्रत्येक शरीर धडधाकट नसते. तान्हे बाळ, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला माणूस, केमोथेरपी घेणारा रुग्ण यांची गोष्ट वेगळी. आपण भेटायला जातो, दाराशी हाताला सॅनिटायझर लावतो आणि नातवाचा फोटो दाखवायला तोच फोन आजारी माणसाच्या हातात देतो! माझ्या मते, खरा धोका इथे आहे.

उपाय साधा आहे. फोन बंद करावा, कव्हर काढावे आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसावा. द्रव थेट फोनवर फवारू नये; उत्पादकाच्या सूचनाही पाहाव्यात. अल्कोहोल ७० टक्केच का? शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जाते. त्यात पाणी असले की ते जंतूंवर अधिक प्रभावीपणे काम करते. मात्र पुसलेला फोन न धुतलेल्या हातांनी धरला, तर सारे मुसळ केरात. साबणाने वीस सेकंद हात धुण्याला पर्याय नाही.

मला वाटते, घराघरांतून दोन नियम व्हावेत: शौचालयात फोन नाही आणि ताटावर फोन नाही. मुलांना ते सांगण्याआधी आईवडिलांनी पाळावेत. शिस्त मुले ऐकून नव्हे, पाहून शिकतात.