पोशाख कोणी निवडायचा?

थंड पाण्यात उतरणाऱ्याने कोणता संरक्षक पोशाख घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा वाटतो. हौसेने समुद्रात उतरणाऱ्या खेळाडूपुरता तो तसा आहेही. तो आपल्या पैशाने, आपल्या मापाचा पोशाख अंगावर घालून पाहून घेतो. पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्या कामगाराची गोष्ट निराळी आहे. त्याचा पोशाख मालक निवडतो, खर्चाचा हिशेब मालक मांडतो आणि त्या हिशेबातील चुकीची किंमत कामगार प्राणांनी मोजतो.

१५ फेब्रुवारी १९८२ रोजी पहाटे कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या पूर्वेस ‘ओशन रेंजर’ हा तेलविहीर खोदणारा तरंगता मंच वादळात बुडाला. त्यावरील ८४ जणांपैकी एकही वाचला नाही. काही जण जीवरक्षक नावेतून मदतीच्या जहाजापर्यंत पोचले होते. परंतु नाव उलटली आणि बर्फाळ पाण्यात हात इतके बधिर झाले की, टाकलेले दोर त्यांना धरता आले नाहीत. शासकीय चौकशी आयोगाने ज्या उणिवा नोंदविल्या, त्यांत प्रशिक्षणाचा आणि संरक्षक पोशाखांचा अभाव ह्या ठळक होत्या.

पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने शरीराची ऊब ओढून घेते. पहिल्याच मिनिटात धाप लागते, थोड्याच वेळात बोटे निकामी होतात. शरीर गोठून शुद्ध हरपण्यापूर्वीच माणूस बुडू शकतो. म्हणूनच पोशाख पाण्यात पडण्यापूर्वी अंगावर चढला पाहिजे. निओप्रिनचा घट्ट वेटसूट हातपाय हलवीत राहणाऱ्या पोहणाऱ्यास पुरतो. दीर्घकाळ पाण्याखाली काम करणाऱ्या पाणबुड्याला ड्रायसूट आणि आत उबदार कपडे लागतात; मात्र त्याच्या मानेशी वा मनगटाशी फट राहिली, तर सारे व्यर्थ. बुडते जहाज सोडणाऱ्या खलाशासाठी इमर्शन सूट असतो. कामाचे स्वरूप, पाण्याचे तापमान आणि अंगाचे माप ह्या तिन्ही गोष्टी पाहिल्याखेरीज केलेली निवड ही निवडच नव्हे.

आंतरराष्ट्रीय नियम आहेत. इमर्शन सूट कोणाच्याही मदतीविना दोन मिनिटांत घालता आला पाहिजे. उष्णतारोधक प्रकारात, शून्य ते दोन अंश सेल्सियसच्या पाण्यात सहा तास राहूनही शरीराचे तापमान दोन अंशांहून अधिक उतरता कामा नये. २००६ पासून मालवाहू जहाजांवर प्रत्येकामागे एक सूट सक्तीचा झाला. उष्ण प्रदेशातील फेऱ्यांना मात्र सवलत ठेवली गेली. मासेमारी नौका तर ह्या नियमांच्या कक्षेबाहेरच राहिल्या. शिवाय नियम नग मोजतो, माप घेत नाही. २००९ साली न्यूफाउंडलंडजवळच तेलकामगारांचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून १८ पैकी १७ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा सूट अंगास नीट बसतात की नाही, हा प्रश्न चौकशीत पुढे आलाच. सत्तावीस वर्षांत पोशाख आला. कामगाराचे मत विचारण्याची रीत तेवढी पुरती आली नाही.

हा प्रश्न परक्यांचा नाही. कोकणातील आणि गोव्यातील खलाशी पिढ्यान्‌पिढ्या जगाच्या जहाजांवर राबत आले आहेत. उबदार किनाऱ्यावर वाढलेल्या तरुणास उत्तरेकडील समुद्राचा गारठा प्रथम भेटतो तो कामावरच. भारताने २०१५ साली स्वीकारलेल्या सागरी श्रम करारानुसार पाच वा अधिक खलाशी असलेल्या जहाजावर सुरक्षा समिती नेमावी लागते आणि तीत खलाशांच्या प्रतिनिधीस स्थान असते. ह्या तरतुदीचा उपयोग केला पाहिजे. सूट खरेदी होण्यापूर्वी तो निरनिराळ्या अंगलटीच्या खलाशांना घालून पाहू द्यावा, सराव कामाच्या वेळेत व्हावा, फाटका सूट तत्काळ बदलावा आणि सर्व खर्च मालकाने सोसावा, ह्या मागण्या युनियनने करारात लिहून घ्याव्यात. गोदीत व बंदरात काम करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी वेतनाच्या मागणीइतक्याच आग्रहाने त्या लावून धरल्या पाहिजेत.