फोन बँकेचा की भामट्याचा? आधी नंबर वाचायला शिका

पीएम किसानचा हप्ता असो की पीकविम्याची भरपाई, खात्यात पैसे यायची चर्चा सुरू झाली की भामट्यांचे फोनही सुरू होतात. "बँकेतून बोलतोय, केवायसी राहिलीय, ओटीपी सांगा." नंबर साधा दहा आकडी असतो, म्हणून माणूस विश्वास ठेवतो. त्यामुळं फोन नंबर कसे पाडलेत, हे शेतकऱ्यालाही माहीत पाहिजे.

पिवळ्या एसटीडी बूथच्या काळात नंबरच पत्ता सांगायचा. 022 मुंबई, 020 पुणे, 0253 नाशिक, 02112 बारामती, 02442 बीड. पुढचं शून्य सोडलं तर कोड आणि नंबर मिळून दहा आकडे. मुंबई-पुण्यात फोन जास्त, म्हणून कोड दोन आकडी आणि नंबर आठ आकडी. नाशिकला तीन आणि सात. बीड, बारामतीला चार आणि सहा.

मोबाईलनं ही खूण पुसली. मोबाईल नंबर 6, 7, 8 किंवा 9 नं सुरू होतो. त्याचे सुरुवातीचे आकडे कंपनीला सर्कलप्रमाणं मिळतात. मुंबईचं सर्कल वेगळं, बाकी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक. पण 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. 2015 पासून तर दुसऱ्या राज्यात गेलं तरी नंबर तोच राहतो. म्हणजे आकडे बघून ना कंपनी कळते, ना गाव. भामट्यांचं फावतं ते इथंच.

यावर सरकारनं वेगळे नंबर काढलेत. 140 नं सुरू होणारा फोन जाहिरातीचा. 1600 नं सुरू होणारा बँकेच्या खात्याच्या कामाचा. जानेवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना हेच नंबर वापरायला सांगितलं. त्यामुळं साध्या मोबाईलवरून कुणी "बँकेतून बोलतोय" म्हणाला, तर फोन ठेवा आणि शाखेत जाऊन विचारा. नंबरापुढं +91 म्हणजे आपला देश. त्याजागी दुसरा आकडा दिसला आणि घरचं कुणी परदेशात नसेल, तर उचलूच नका.

एक मात्र ध्यानात ठेवा. फोन 1600 वरून आला तरी ओटीपी सांगायचा नाही. खरी बँक तो मागतच नाही.

खरा प्रश्न पुढं आहे. नियम निघाला, पण ज्याच्या खात्यातून पैसे जातात त्याच्यापर्यंत तो पोचायला नको का? 140 आणि 1600 चा फरक प्रत्येक शाखेच्या दारावर मराठीत लागला पाहिजे, ग्रामसभेत वाचून दाखवला पाहिजे. नाहीतर हे आकडे कागदावरच राहतील.

आणि पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नका. लगेच 1930 लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवले जातात. जेवढा उशीर, तेवढी ते अडवायची आशा कमी.